पहिला फटका

"बाई, तुमची विद्यार्थिनी आहे ना? मग तुम्हीच मारा. दोन पट्ट्या. विषय क्लोज."

असं म्हणून सेक्रेटरीने टेबलावरची माझी पट्टी उचलली आणि माझ्याच हातात दिली. रविवार सकाळ, साडेअकराचा सुमार. टॉवरचं क्लबहाऊस. समोर सतरंजीवर चौदा बायका, मांडीवर वह्या. त्याच टॉवरमध्ये धुणीभांडी आणि केर-लादी करणाऱ्या. त्यांच्यापुढे शोभा उभी होती, डावा तळवा कानावर दाबून. मिनिटभरापूर्वी त्याने तिच्या कानाखाली अशी वाजवली होती की ती भिंतीवर जाऊन आदळली. भिंतीवर मी लावलेला बाराखडीचा तक्ता होता. तो तिच्या खांद्याने मधोमध फाटला.

मी सहासष्ट वर्षांची. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. वर्गातल्या माझ्या पोरांच्या अंगाला बाहेरच्या कोणी हात लावला असता तर मी त्याला उभा चिरला असता, असं मी आयुष्यभर सांगत आले. आणि त्या दिवशी मी पट्टी घेतली. हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकताना माझ्याबद्दल कोणाचा गैरसमज नको.

पट्टीची गोष्ट जुनी आहे.

घाटकोपरच्या डोंगरावर आमची झोपडी होती. कोकणातून आलेलं कुटुंब, बौद्ध. बाबा महापालिकेच्या सफाई खात्यात. डोंगराखाली शाळा. चौथीला जे गुरुजी होते त्यांचं नाव सांगत नाही, ते मेले. गुरुजी सगळ्यांनाच मारायचे, पण मारण्यात दोन प्रकार होते. बाकीच्या पोरांचा कान पिरगळायचे, पाठीत धपाटा घालायचे, शेंडी असेल तर शेंडी ओढायचे. वर्गात आम्ही तिघीजणी सफाईवाल्यांच्या. आमच्यासाठी वेगळी सोय. फळ्यावर रेषा मारायची लांब लाकडी पट्टी. कान पिरगळायचा तर कानाला हात लावावा लागतो. गुरुजींना तो लावायचा नव्हता.

हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, आमचे गुन्हे मोठे. बाकीच्या पोरींचे कान लाल झालेले बघून मला हेवा वाटायचा. हो, हेवा. मला कान पिरगळून घ्यायचा होता. एकदा गणित चुकलं तेव्हा मी मुद्दाम गुरुजींच्या अगदी जवळ गेले आणि मान तिरकी करून कान पुढे केला. म्हटलं, आज तरी. गुरुजी दोन पावलं मागे सरकले. म्हणाले, "लांब हो. हात पुढे कर." वर्ग फिदीफिदी हसला. पट्टी आली ती तळव्यावर नाही, अंगठ्यावर. नख मुळातून उखडलं. वहीवर रक्त सांडलं, तर वही खराब केली म्हणून आणखी दोन.

घरी आईने हळद दाबली आणि विचारलं, "काय केलंस गं?"

"कान पुढे केला."

आईला काही कळलं नसेल, किंवा सगळं कळलं असेल. ती स्टोव्हकडे तोंड करून बसली ती मला जेवायला वाढेपर्यंत वळली नाही. ते नख पुन्हा आलं ते वाकडं. अजून तसंच आहे.

मी शिकले. रडत, खुन्नस ठेवून शिकले. डीएड केलं, त्याच डोंगराखालच्या शाळेत नोकरीला लागले. पहिल्या महिन्यात मी काय विकत घेतलं असेल? पट्टी. सागवानी, एक फुटी, कडेला पितळी पातं. ती पर्समध्ये ठेवायचे. आणि मला माझा मोठा अभिमान होता, कारण मी जात बघून मारत नव्हते. सगळ्यांना सारखं. माझ्या वर्गात समता होती. मी तर दयाळूही होते. मारण्याआधी प्रत्येकाला सांगायचे, "अंगठा आत घे." तळव्यावर अंगठा दुमडून घ्यायचा, म्हणजे नख शाबूत राहतं. माझं नख गेलं होतं ना, म्हणून. एवढंच शहाणपण मी माझ्या अपमानातून काढलं.

पुढे मारायला बंदी आली. परिपत्रक आलं, सह्या झाल्या. मी दार लावून घेऊन आणखी दोन-तीन वर्षं मारलं. मग थांबले, पण पट्टी टाकली नाही. फळ्यावर अक्षरं दाखवायला बरी पडते, असं स्वतःला सांगत राहिले.

निवृत्त होण्याच्या कितीतरी आधीच डोंगराचा आमचा भाग तोडला गेला होता. झोपड्यांच्या जागेवर पुढच्या बाजूला टॉवर उभा राहिला, मागे आमची पुनर्वसनाची इमारत. मधे भिंत, भिंतीवर काचा. आमच्या इमारतीतल्या निम्म्या बायका सकाळी भिंतीला वळसा घालून टॉवरमध्ये कामाला जातात. टॉवरच्या कमिटीत एक अनुराधाताई आहेत. गोड बोलणं, खादीच्या साड्या. त्या माझ्या घरी आल्या. म्हणाल्या, "आमच्या मदतनीस बायकांना अक्षरओळख करून द्यायची आहे हो. तुमच्यासारखं अनुभवी माणूस हवं."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं. क्लबहाऊसमध्ये उद्घाटन झालं, मला शाल-श्रीफळ दिलं. अनुराधाताईंनी शाल दोन बोटांच्या चिमटीत धरून माझ्या खांद्यांवर सोडली. मग चहा आला. कमिटीला कपबशा, मला आणि बायकांना कागदी कप. मी दोन्ही पाहिलं आणि दोन्ही गिळलं. म्हटलं, शिकवायला आलेय, कपबशी मोजायला नाही. निवृत्तीनंतर माणूस कामासाठी किती हपापतं, ते निवृत्त माणसालाच ठाऊक. दर रविवारी मी इस्त्रीची साडी नेसून टॉवरच्या गेटवर सही करून आत जायचे. परत निघताना वॉचमन कामवाल्यांच्या पिशव्या तपासायचा. माझी पर्स तपासायचा नाही. त्याचाही मला अभिमान होता.

शोभा दुसऱ्या रविवारी आली. पस्तिशीची, काटक, हाताला साबणाने पडलेल्या भेगा. वर्ग सुटल्यावर थांबली आणि म्हणाली, "बाई, तिसरीला तुम्हीच होतात मला."

मी खुलले. "अगं, मग आधी नाही का सांगायचं! पण चेहरा कसा आठवत नाही?"

"मी फार दिवस नव्हते," ती म्हणाली आणि पिशवी उचलून गेली. मी पुढे विचारलं नाही.

तिला अक्षरं भराभर आली. माझी एक पद्धत आहे. पुस्तकातले धडे नंतर, आधी रस्ता. घरापासून कामापर्यंत दिसेल ती पाटी वाचायची आणि रविवारी वर्गात म्हणून दाखवायची. कोणी मेडिकलची पाटी वाचली, कोणी मेट्रोच्या जिन्यावरची. पट्टीच्या त्या दिवसाच्या आदल्या रविवारी शोभा उठली. वहीत लिहून आणलं होतं. बोट ठेवून, एकेक अक्षर सोडवत तिने वाचलं.

"ही लिफ्ट. नो-क-र. पा-ळी-व प्रा-णी. व. सा-मा-न. यां-च्या-सा-ठी."

त्या चौदाजणी त्या लिफ्टने रोज वर-खाली करतात. काहीजणी पंधरा वर्षं करतात. पाटी रोज डोळ्यांसमोर होती आणि आज पहिल्यांदा कोणीतरी ती त्यांना वाचून दाखवली. शोभा माझ्याकडे बघत उभी. मी काहीतरी बोलावं म्हणून उभी.

मी म्हणाले, "शाब्बास! प्राणी किती छान वाचलंस. जोडाक्षर आहे."

शपथेवर सांगते, असंच म्हणाले. मी पाटी ऐकलीच नाही. मी फक्त तिचं वाचन ऐकलं. चौतीस वर्षं शिक्षिका असलेल्या बाईकडूनच अशी चूक होऊ शकते. शोभा खाली बसली. पाच दिवस तिने त्या पाटीचं काय करायचं याचा विचार केला असणार, कारण बाईने तर काही सांगितलं नव्हतं. शुक्रवारी तिने घराच्या किल्लीने पाटीवरचा "नोकर" हा शब्द खरवडून काढला. वर वाकडंतिकडं कोरलं, "माणसं". कॅमेऱ्यात सगळं दिसलं.

आणि रविवारी सेक्रेटरी क्लबहाऊसमध्ये आला. पन्नाशीचा, टी-शर्ट, गळ्यात चष्मा. मागे अनुराधाताई. त्याने मोबाइलवरचा व्हिडिओ माझ्या तोंडासमोर धरला, मग शोभाला उठवलं, "तू काय गं, लीडर झालीस?" म्हणाला आणि हात उगारला. मघाशी सांगितली ती हीच थप्पड. तक्ता फाटला.

मी उठले तर तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, मी पोलिसांत देऊ शकतो हिला. प्रॉपर्टी डॅमेज. चारही घरांचं काम बंद. पण मला तसं नाही करायचं. तुमची विद्यार्थिनी आहे ना? मग तुम्हीच मारा."

अनुराधाताई हळूच पुढे झाल्या. "दोन पट्ट्या म्हणजे काही नाही हो, बाई. आम्हीही खाल्ल्यात लहानपणी. हिची कामं वाचतील. समजून घ्या."

मी समजून घेतलं. मी हिशेबी बाई. शोभाचा नवरा आजारी, दोन मुली शाळेत. चार घरांची कामं म्हणजे तिचं सगळं घर. दोन पट्ट्यांनी ते वाचत असेल तर मारू, हळू मारू, मग बाहेर नेऊन तिला समजावू. हे सगळं डोक्यात झरझर आलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "हात पुढे कर."

आवाज माझाच. वर्गातला.

तिने कानावरचा हात काढला नाही. उजवा पुढे केला. मी मारलं. हळू मारलं, पण पितळी कड होती. चट्ट आवाज आला. सतरंजीवरच्या बायकांनी माना खाली घातल्या. दोघी-तिघींचे मोबाइल हातात होते, पण त्यांनीही नजर वळवली.

सेक्रेटरी म्हणाला, "असं नाही बाई. लागलं पाहिजे."

मी पट्टी पुन्हा उचलली. तेव्हा मला तिचा हात दिसला. नीट दिसला. तळवा सरळ, चार बोटं जुळलेली, आणि अंगठा तळव्यावर दुमडून आत.

हे तिला कोणी शिकवलं होतं?

चाळीस पोरांचा वर्ग डोळ्यांसमोर आला. सकाळी नळावर पाणी भरून उशिरा येणाऱ्या डोंगरावरच्या पोरी. ओल्या फ्रॉकनिशी दारात उभ्या. रोज उशीर, रोज पट्टी. त्यातली एक कधीतरी यायची बंद झाली आणि मी हजेरीत "गैरहजर" लिहीत राहिले, मग नाव कमी केलं. शोभा म्हणाली होती, मी फार दिवस नव्हते. ती का नव्हती ते मी विचारलं नव्हतं.

पट्टी वरच राहिली. शोभा थांबून थांबून कंटाळली असावी. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मारा बाई. लवकर मारा. मला पाचव्या मजल्यावर भांडी आहेत."

गुरुजींची पट्टी, माझं नख, आईची स्टोव्हकडे वळलेली पाठ, सगळं तिथे त्या एका वाक्यात येऊन उभं राहिलं. मी एका लिहिता न येणाऱ्या पोरीला काय शिकवलं होतं? मार खायला. नीट मार खायला. काम बुडू न देता. गुरुजींनी जे मला दिलं ते मी वर्षानुवर्षं डोंगरावरच्या पोरांना वाटत होते, पगार घेऊन. आणि हे टॉवरवाले ते आयतं वापरत होते. त्यांना हात घाण करायची गरज नव्हती. त्यांच्यासाठी पट्टी मीच होते.

मी सेक्रेटरीकडे वळले. त्याचा हात माझ्या टेबलावर, हजेरीपटावर होता.

"हात पुढे कर," मी म्हणाले.

"काय?" तो हसला. अनुराधाताईही जराशा हसल्या.

"हात पुढे कर. तुझा."

तो हसतच राहिला, म्हणून मग मी वाट पाहिली नाही. टेबलावरच्या त्याच्या हातावर मी पट्टी हाणली. कडेने. होता नव्हता तेवढा जोर लावून. बोटांच्या सांध्यांवर बसली. तो कुत्र्यासारखा केकाटला. मी पुन्हा हाणली. ती मनगटावर बसली आणि पट्टी मोडली, अर्धी उडून सतरंजीवर पडली. त्याने दुसऱ्या हाताने माझा अंबाडा धरला आणि माझं डोकं टेबलावर आपटलं. चष्मा फुटला. ओठ फाटला. पुढचा दात तोंडातच सुटा झाला, मी तो थुंकला. दुसऱ्यांदा आपटायला त्याने डोकं उचललं तेव्हा शोभा त्याच्या पाठीवर होती. तिने मागून त्याच्या खांद्याचा चावा घेतला तो सोडलाच नाही. मग सतरंजी उठली. चौदाजणी. कोणी त्याचा टी-शर्ट फाडला, कोणी वहीने, कोणी स्टीलच्या बाटलीने, जे हातात होतं त्याने हाणलं. वर्षानुवर्षं त्या लिफ्टमधून वर-खाली केलेल्या बायका त्या. अनुराधाताई दारात उभ्या राहून "अहो, असं नाही, असं नाही" म्हणत होत्या. वॉचमन येईपर्यंत सेक्रेटरी टेबलाखाली होता.

मला आनंद झाला. तोंड रक्ताने भरलेलं होतं आणि मला आनंद झाला. जे खरं ते सांगते.

महापालिकेच्या दवाखान्यात माझ्या ओठाला टाके पडले. शोभाच्या कानाचा पडदा फाटलाय, डॉक्टरांनी सांगितलं. त्या कानाने आता कमी ऐकू येईल. बाकावर आम्ही शेजारी बसलो होतो. मी तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन बसले आणि म्हणाले, "शोभा, तू माझ्यामुळे शाळा सोडलीस का?"

"हो," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "शाळा मला आवडायची, बाई."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही मागितली नाही. मागण्यासारखं ते नव्हतं.

पोलीस ठाण्यात टॉवरवाल्यांची तक्रार आमच्या आधी पोचली होती. माझ्यावर, शोभावर, चौदाजणींवर. मी आमची द्यायला बसले. हवालदार चांगला माणूस. जबाब लिहिता लिहिता थांबला. "बाई, तुम्ही आधी शोभाबाईला पट्टी मारली, हे कशाला लिहायला सांगताय? तुमचीच केस कमजोर होईल. त्याने तिला मारलं, तुम्हाला मारलं, एवढं बास आहे."

"लिहा," मी म्हणाले.

"अहो, तुम्ही शिकलेल्या..."

"म्हणूनच. पट्टीचा पहिला फटका मी शोभाला मारला. तारीख, वेळ, पट्टी, सगळं लिहा."

त्याने लिहिलं. शोभाने तिचा जबाब मात्र कोणाला लिहू दिला नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर बसून तिने तो स्वतः लिहिला. दोन तास लागले. पाच ओळी झाल्या. चौथ्या ओळीत मी होते, "बाईंनी मला मारले." मी ते वाचलं आणि तो कागद हवालदाराकडे दिला. मोडक्या पट्टीचे दोन्ही तुकडे त्यांनी मुद्देमाल म्हणून ठेवून घेतले.

पंधरा दिवसांनी दुपारी अनुराधाताई घरी आल्या. त्याच दिवशी शोभाही आली होती, वाचायला. हल्ली वर्ग आमच्या इमारतीच्या जिन्याखाली भरतो. चौदापैकी नऊजणी येतात. पाचजणींची कामं गेली, त्या येत नाहीत आणि मी त्यांना दोष देत नाही. अनुराधाताईंनी पिशवीतून शाल आणि नारळ काढून टीपॉयवर ठेवला. त्याखाली एक कागद.

"कमिटी केस मागे घ्यायला तयार आहे, बाई. शोभाची कामंही परत. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या की जे झालं ते गैरसमजातून झालं. तुमचं शिक्षकी नाव आहे. या वयात कोर्टाच्या फेऱ्या कशाला? आपण सगळे सुशिक्षित माणसं आहोत."

मी शोभाकडे पाहिलं. या वेळी मी हिशेब केला नाही, तिच्या वतीने तर नाहीच. ती विचारेल ते विचारू दिलं. तिने मान वळवून चांगला कान पुढे केला आणि विचारलं, "ती पाटी काढली का?"

अनुराधाताईंचा चेहरा उजळला. "हो तर! लगेच बदलली. आता 'हाऊस स्टाफ' लिहिलंय."

"आणि पुढचं?"

"पुढचं काय?"

"पाळीव प्राणी व सामान. ते आहे का?"

अनुराधाताईंनी कागद पुढे सरकवला. शोभाने तो कागद उचलला, बोट ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, कुठेच अडखळली नाही. मग तो शालीवर ठेवला आणि शाल-नारळासकट सगळं अनुराधाताईंच्या मांडीवर दिलं.

"सही नाही करणार," ती म्हणाली. "बाईंना करायची असेल तर त्यांची मर्जी."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी उठले, दार उघडलं आणि अनुराधाताई जाईपर्यंत ते धरून उभी राहिले.

आता केस चालेल. वर्षं लागतील, मला माहीत आहे. लागू देत. मी कुठे जात नाही. एक दिवस कोर्टात ते दोन तुकडे टेबलावर ठेवतील आणि विचारतील, ही पट्टी कोणाची? मी सांगेन, माझी. कोणाकोणाला मारलं? मी शोभाचं नाव सांगेन, मग डोंगरावरच्या जेवढ्या पोरांची आठवतात तेवढ्यांची सांगेन. वकील थांबा म्हणाले तरी थांबणार नाही. मग सेक्रेटरीचं सांगेन. मग ते विचारतील, पश्चात्ताप होतो का?

पहिल्या फटक्याचा होतो. मरेपर्यंत होईल.

सेक्रेटरीला मारलेल्या दोन्हींचा नाही. त्याने आणखी कोणाच्या कानाला हात लावला, तर पट्टी नसली तरी तिसराही मारीन.